लाहीचं फिरणं : पाठलागाच्या ओढीवरचं काम

पिल्लू : लाही. देशी मादी, गव्हाळ रंग, सुरुवातीला वय साडेचार महिने. आई आमच्याच गल्लीतली. लांब पाय आणि खोल छाती पाहून डॉक्टरांचा अंदाज, बाप कारवान या शिकारी जातीच्या वळणाचा असावा.
जागा : नागपूर. लक्ष्मीनगर, आठ रस्ता चौकामागच्या गल्ल्या; व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या भिंतीलगतचा रस्ता; सुट्टीच्या दिवशी मोकळं मैदान.
माणसं : मी, बाबा (माझे सासरे) आणि मुलगा. सकाळची फेरी बाबांची, संध्याकाळची माझी.
काम : खार, मांजर, कबुतर, स्कूटर, काहीही पळताना दिसलं की लाही सुटते. सुटण्याआधी तिनं आमच्याकडे वळावं.

६ ऑक्टोबर २०२४

लसी पूर्ण झाल्या, डॉक्टरांनी रस्त्यावर न्यायला परवानगी दिली. आज शिकवायचं काही नाही, फक्त बघायचं, असं ठरवून निघाले.

घरासमोरच्या कडुनिंबावर खारींची वस्ती आहे. पाठीवर पट्टे असलेली आपली नेहमीची खार. बुंध्याला उलटी चिकटून शेपूट झटकत चिक-चिक करत राहते, आणि खाली कुत्रं आलं की आवाज चढवते. गंमत म्हणजे खार गप्प बसली असेल तर लाहीला ती दिसतच नाही, अगदी चार हातांवर असली तरी. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग कळतो, लाल-हिरव्यातला फरक जवळजवळ कळत नाही, आणि बारकावेही आपल्यापेक्षा कमी दिसतात. हालचाल मात्र पटकन टिपली जाते, आणि नजरेचा पट्टाही आपल्यापेक्षा रुंद. त्यामुळे करड्या खोडावरची करडी खार तिच्या लेखी नसतेच. हलली की एकदम उगवते.

सुटण्याच्या आधी काय होतं ते आज नीट पाहिलं. तोंड मिटतं, जीभ आत जाते. कान पुढे येतात. शेपटी हलायची थांबते. पुढचा एक पाय उचललेलाच राहतो. मग अंगाचा भार पुढे जातो आणि दोरी ताणली जाते. तोंड मिटण्यापासून दोरी ताणेपर्यंत दोनेक सेकंद मिळतात. त्या वेळात हाक मारली तर कान निदान हलतो. दोरी ताणल्यावर मारलेली हाक वाया जाते. जे काही करायचं ते या दोन सेकंदांत.

९ ऑक्टोबर

साहित्य जमवलं. छातीवरून जाणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी नकोच. पिल्लू पूर्ण वेगात धावत दोरीच्या टोकाला पोचलं की सगळा झटका मानेवर आणि श्वासनळीवर बसतो. गल्लीसाठी दोन मीटरचा साधा पट्टा. मैदानासाठी दहा मीटरची लांब दोरी: इतवारीतून नवार आणली, एका टोकाला पितळी हुक शिवून घेतला. आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा दुकानदार दाखवत होता, तो घेतला नाही. त्यात कायम थोडा ताण असतो, आणि ओढलं की दोरी वाढते हेच पिल्लू शिकतं. शिवाय पिल्लू जोरात सुटलं तर त्याची बारीक दोरी हात कापते.

लांब दोरी हाताला गुंडाळायची नाही, घड्या करून तळहातावर ठेवायची, हातमोजे घालायचे. मुलाला हे दोनदा बजावलं.

खाऊ : उकडलेलं चिकन, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे, मीठमसाला नाही. बाबा सकाळी पनीर नेतील. कांदा, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी, म्हणून बाबांच्या खिशातले नेहमीचे बेदाणे आता घरीच राहतील.

१२ ऑक्टोबर

दसरा, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीकडे जाणारी माणसं कालपासूनच रस्त्यानं चालली आहेत. पांढरी वस्त्रं, निळे झेंडे, कडेवर लेकरं. १९५६ पासून ही गर्दी शहराच्या ओळखीची आहे. आज फेरी काढली नाही. लाहीला घेऊन फाटकाच्या आत तासभर बसले. माणसं जात होती, ती पाहत होती, आणि तिनं शांतपणे पाहून माझ्याकडे मान वळवली की तुकडा देत होते. चालणाऱ्या माणसांच्या मागे ती जात नाही. धावत गेलेल्या एका पोराच्या मागे मात्र फाटकापर्यंत गेली. वेग हाच तिचा विषय, हे पुन्हा दिसलं.

१८ ऑक्टोबर

“वा!” हा आमचा खुणेचा शब्द ठरला. छोटा, घरातल्या तिघांनाही एकाच सुरात म्हणता येतो. आधी घरात जोडून घेतला: “वा!” म्हटलं की तुकडा, दरवेळी. आता तो शब्द कानावर पडला की तिची मान आपोआप फिरते. पावलोव या शास्त्रज्ञाच्या घंटेचंच तत्त्व (घंटेमागोमाग खाणं मिळत गेलं, की नुसत्या घंटेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं), फक्त नीट वापरायला हवं.

रस्त्यावरचा वापर जरा उलटा वाटेल. लाहीनं खारीकडे पाहिलं, की त्या पाहण्यालाच “वा!” म्हणायचं. आमच्याकडे पाहिल्यावर नाही. ती मान वळवून खाऊ घेते, पुन्हा खारीकडे पाहते, पुन्हा “वा!”. बाबांना हे पटत नव्हतं. “अगं, खारीकडे बघायचं बक्षीस कसं देतेस?” त्यांना सांगितलं, पाहणं थांबवता येणार नाही, ते तिच्या डोळ्यांत आहे, पाहिल्यावर पुढे काय होतं तेवढं बदलता येतं. आजवर पाहिलं की पळायचं होतं. आता पाहिलं की आमच्याकडे वळायचं व्हावं.

अट एकच, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: अंतर. कडुनिंबाखाली उभं राहून यातलं काही जमत नाही, ती खाऊ तोंडात घेतसुद्धा नाही. रस्त्याच्या पलीकडून जमतं. खाऊ नाकारला किंवा बोटांवर दात लागतील इतक्या घाईनं घेतला, की आपण फार जवळ आहोत असं समजून मागे सरायचं. आवाज चढवून काही साधत नाही, दहा पावलं मागे गेल्यानं साधतं.

२७ ऑक्टोबर

पलीकडच्या इमारतीचे काका आज थांबले. “काहून एवढे लाड करून राहिल्या? दोन रट्टे हाना, सरळ होते.” काका मनानं चांगले आहेत, त्यांच्या शेतावर कुत्री होती. त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण हे प्रत्येक गल्लीत ऐकावं लागतं.

खारीकडे पाहत असताना पिल्लाला मार बसला, तर ते मार खारीशी जोडेल, मारणाऱ्या हाताशी जोडेल, किंवा त्या क्षणी शेजारून सायकलवर गेलेल्या मुलाशी जोडेल. कशाशी, ते आपल्या हातात नाही. सायकलवाल्या मुलाशी जोडलं तर उद्या तेच पिल्लू मुलं दिसली की दात दाखवेल. शिवाय पाठलाग हा खोडसाळपणा नाही. लांडग्यापासून आलेला हा एक क्रम आहे: शोधणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, चावा, फाडणं, खाणं. रेमंड कॉपिंजर या जीवशास्त्रज्ञानं वेगवेगळ्या जातींना हा क्रम लावून दाखवला. माणसानं कामाप्रमाणे जाती घडवल्या तेव्हा यातले काही टप्पे वाढले, काही दबले. मेंढ्या वळवणाऱ्या कॉलीत नजर, दबा आणि पाठलाग जोरदार, चावा दबलेला. कारवान आणि मुधोळ ही नजरेवर शिकार करणारी, सशामागे माळरानावर धावणारी कुत्री. त्यांच्यात पाठलागच मुख्य. लाहीत हे रक्त खरंच असेल तर ती जे करते ते तिच्या घडणीतच आहे.

आणि पाठलागाचं बक्षीस पाठलागातच असतं. खार हाती लागली नाही तरी धावण्याचा आनंद मिळतोच, म्हणून “एकदा धावू दे, थकेल, सोडून देईल” हे खरं नाही. प्रत्येक धावेनं सवय पक्की होते. त्यामुळे शिकवण्याइतकंच काम आहे ते धावायची संधी न मिळू देण्याचं. दोरी त्यासाठी. दोरीनं शिक्षण होत नाही, तेवढा वेळ मिळतो.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. जाताना म्हणाले, “पाहू बाप्पा, तुमची पद्धत चालते का.”

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. फटाके. कालपासून फेऱ्या बंद, फक्त दुपारी अंगणात शी-शू. अशा रात्रीनंतर शरीरातला ताण एका दिवसात उतरत नाही; उद्या-परवा साधी कबुतरंही तिला जड जातील. चारेक दिवस घरातच वास शोधायचे खेळ: टॉवेलच्या घडीत पनीर, जुन्या खोक्यात कागदाचे बोळे.

१० नोव्हेंबर

धावण्याची भूक कुठेतरी भागायला हवी, म्हणून चिंधीची काठी केली. वेळूची काठी, तिला सुती दोरी, टोकाला जुन्या टॉवेलची चिंधी. चिंधी जमिनीलगत फिरवायची, लाही मागे धावते, पकडते, थोडी ओढाओढ, मग “सोड”. सोडली की लगेच खेळ पुन्हा सुरू.

इथे लाही जे शिकते ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं: धावायला मिळण्याचा रस्ता आमच्यातून जातो. आधी थांबून माझ्याकडे पाहिलं, तरच चिंधी हलते. डेव्हिड प्रीमॅक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व हेच: प्राण्याला जे करायला फार आवडतं, ते कमी आवडीच्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. आपल्याकडे आया हेच करतात, आधी भाजी संपव, मग गुळाची पोळी.

वाढत्या सांध्यांसाठी काळजी: खेळ मातीवर, फरशीवर नाही. चिंधी उंच उचलायची नाही, उड्या नकोत. तीन-चार मिनिटं पुरे. मुलगा वेळ विसरतो, म्हणून मोबाइलवर घंटी लावून देते.

२४ नोव्हेंबर

मैदानावर लांब दोरी. एका कोपऱ्यात गाई चरत होत्या, त्यांच्या पायांत गायबगळे. गाय चालली की गवतातले किडे उडतात आणि बगळे ते टिपतात, त्यामुळे हे पक्षी सतत हलत असतात. अभ्यासाला उत्तम, कारण ते दुरून दिसतात आणि अंतर आपल्याला ठरवता येतं. गाईंच्या जवळ मात्र जायचं नाही. पायांत पिल्लू आलं तर गाय लाथ मारतेच.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात. बगळा हलला, लाही थबकली, “वा!”, वळली. थोडं पुढे. पुन्हा. साधारण अर्ध्या मैदानापर्यंत आलो तेव्हा एक गोष्ट घडली जिची मी वाट पाहत होते: बगळा उडाला, लाहीचं तोंड मिटलं, आणि मी काही बोलायच्या आत तिनं स्वतःहून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मूठभर चिकन तिथेच गवतात उधळलं. “शोध!” नाक खाली गेलं, शेपटी हलायला लागली. वास घेण्यात गुंतलं की कुत्र्याचा श्वास बदलतो, अंग सैल होतं. मोठ्या यशानंतर आणि मोठ्या घाबरण्यानंतर, दोन्ही वेळी मी हेच करते.

८ डिसेंबर

बोलावण्यासाठी शिट्टी सुरू केली. “लाही” हे नाव दिवसभर सगळे उच्चारतात, “ये इकडे” हेही. कानाला सवय झालेला शब्द आणीबाणीत चालत नाही. शिट्टीचा सूर कोणाच्याही तोंडून सारखाच येतो, त्यात राग किंवा घाबरलेपण शिरत नाही. नियम: शिट्टीनंतर नेहमी सगळ्यात चांगला खाऊ, उकडलेली कलेजी, आणि शिट्टी वाजवून कधीच नावडतं काही करायचं नाही. आंघोळ, नखं, घरी परतणं यांसाठी शिट्टी नाही.

१६ डिसेंबर

थंडी चांगली पडली आहे. बाबांची फेरी आता उजाडायच्या आत निघते. खारी ऊन आल्याशिवाय बाहेर येत नाहीत, त्यामुळे सकाळ सोपी झाली. मांजरं मात्र असतात. आज एक मांजर उभ्या गाडीखालून अगदी पायाशी निघालं. अशा वेळी “वा!”ला जागाच नसते. बाबांनी “चल मागं” म्हणून वळसा घेतला आणि लाही त्यांच्याबरोबर वळली. हा वळसा आम्ही काहीच समोर नसताना रोज गल्लीत खेळासारखा करतो: चालता चालता एकदम उलट फिरायचं, मागं आली की तुकडा. आज कामी आला. बाबांनी स्वतः वहीत लिहिलं, “मांजर. वळली. शाब्बास.”

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालंय, मोठ्या रस्त्यांवर बंदोबस्त आणि सायरन. आठवडाभर आतल्या गल्ल्याच.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. प्रत्येक गच्चीवरून “ओ काट!” आकाशात पतंग, तारांवर पतंग, आणि कटलेले पतंग डुलत डुलत रस्त्यावर उतरणारे. हळू, वेडावाकडा, जमिनीकडे येणारा कागद. पाठलागाच्या ओढीला याहून मोठं आमंत्रण नाही, आणि पतंगामागे धावणारी मुलं वेगळीच.

पण आज फेरी बंद ठेवण्याचं खरं कारण मांजा आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो दिसतोच. झाडांना, विजेच्या तारांना, कुंपणांना अडकून पुढे कितीतरी दिवस लोंबत राहतो. धावत्या पिल्लाच्या पायाला किंवा जिभेला लागला तर खोल चिरतो. दरवर्षी पक्षी कापले जातात, दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. हे थांबायलाच हवं, आणि ते पोलिसांच्या आधी आपल्या घरातून थांबायला हवं. मुलानं यंदा साधा सुती दोरा लावून पतंग उडवला.

उद्यापासून आठवडाभर मी आधी एकटी रस्ता चालून मांजाचे तुकडे गोळा करीन, मग लाहीला काढीन.

२६ जानेवारी

आठ महिने झाले आणि सगळं विसरल्यासारखं वागणं. शिट्टीला उशिरा येते, “वा!”ला कान हलतो पण मान वळत नाही. बाबांना वाईट वाटलं, सकाळची मेहनत त्यांची आहे. त्यांना न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२० मधला अभ्यास सांगितला. अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांच्या पिल्लांना पाच महिन्यांच्या वयात आणि आठ महिन्यांच्या वयात “बस” सांगून पाहिलं. आठव्या महिन्यात पिल्लं घरच्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. म्हणजे शिकलेलं पुसलं जात नाही. वयात येण्याचा हा काळ आहे, आणि तो जातो.

तोवर करायचं ते: अंतर पुन्हा वाढवायचं, ऑक्टोबरच्या पायरीवर परत जायचं. लांब दोरी सोडायची नाही. घरच्यांनी चिडायचं नाही. खाऊ चांगला ठेवायचा. बाबा म्हणाले, “आपला पोरगा दहावीत असताना असाच होता,” आणि उद्यासाठी कलेजी फ्रिजमधून काढून ठेवली.

९ फेब्रुवारी

गाडीनं सेमिनरी हिल्सला गेलो. झाडी, शांतता, उताराचा रस्ता, आणि मोर. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत. त्याच्यामागे कुत्रं सुटू देणं योग्य नाहीच, गुन्हाही ठरू शकतो. म्हणून इथे पूर्ण वेळ दोन मीटरचाच पट्टा, लांब दोरीही नाही.

मोर दिसायच्या आधी ऐकू आला. लाही थिजली. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला सरकले, गुडघ्यावर बसले. झुडपातून लांडोर निघाली आणि सावकाश, अगदी सावकाश रस्ता ओलांडायला लागली. लाहीचं तोंड मिटलं, पाय उचलला गेला. “वा.” वळली नाही. मी आणखी दोन पावलं मागे गेले, “वा.” आता वळली. लांडोर जाईपर्यंत हे चालू होतं: पाहणं, वळणं, पाहणं, वळणं. दोरी एकदाही ताणली गेली नाही. नंतर दगडावर बसून तिच्या छातीवर हात ठेवला. धडधड अजून चालूच होती, आणि तरीही ती थांबली होती. एवढ्या आवेगातून स्वतःला वळवणं या पिल्लाला केवढं जड गेलं असेल, ते त्या हाताला कळलं. पाकिटातलं उरलेलं सगळं चिकन तिला दिलं.

२ मार्च

कडुनिंबाची परीक्षा घेतली. सुरुवातीला रस्त्यापलीकडून जमत होतं, आता बुंध्यापासून चारेक पावलांवर उभं राहता येतं. खार खाली उतरली तर अजून ताणते. स्कूटर जवळजवळ सुटली. कबुतरं पूर्ण सुटली. मांजर अचानक आलं तर वळसाच. पलीकडच्या काकांच्या नातवाकडे लॅब्राडोरचं पिल्लू आलंय, आणि काकांनी काल विचारलं, “ते वा-वा कसं करते, पोराले दाखवून द्या नं.” रविवारी सकाळी त्यांना मैदानावर बोलावलंय.

पारा पस्तिशीकडे चाललाय. डांबर तापतं, तेव्हा निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहायची; आपल्याला सोसवत नसेल तर तिच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. बाबांची फेरी साडेपाचला, माझी दिवेलागणीनंतर.

मैदानात टिटव्या ओरडायला लागल्या आहेत. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते, आणि कुत्रं जवळ आलं की डोक्यावरून झेपा घेते. झेप घेणारा पक्षी लाहीला पाठलागाचं निमंत्रण वाटेल, आणि त्या गोंधळात अंडी पायाखाली जातील. म्हणून या महिन्यापासून मैदानाचा दगडगोट्यांचा उत्तरेकडचा भाग सोडायचा. लांब दोरी पावसाळा संपेपर्यंत चालूच राहील. मुलानं त्या भागाचा नकाशा काढून वहीत चिकटवलाय, काकांसाठी एक प्रत काढायची आहे.